एकतीस कालवडी : लेकीस पत्र

वाई,
कोजागरीनंतरचा रविवार

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. आजीला दवाखान्यातून घरी आणलं त्या रात्री ती झोपल्यावर मी पडवीत बसून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सकाळी तिनं डोळे उघडल्याबरोबर विचारलं, "मृणूचे गवे बरे आहेत ना?" दाजीपूरच्या जंगलातला गवा वेगळा आणि आपण अमेरिकेत दक्षिण डाकोटात पाळतो तो बायसन वेगळा, हे तिला तीस वर्षं सांगतोय. तिच्या तोंडी गवेच, आणि आपल्या घरातही मग तेच नाव पडलं.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आकडे स्पष्ट आहेत, सगळ्या एकतीस कालवडी न विकता ठेवू या." तेव्हा मी गप्प राहिलो. माझा विरोध आहे असं समजू नकोस. हे बोलण्यातून नीट मांडता येणार नाही असं वाटलं, म्हणून लिहितोय.

आधी हे सांगतो की तू केलंयस ते काम मोलाचं आहे. अमेरिकी कृषी खात्याचा मासिक बायसन अहवाल इतक्या वर्षांचा एका जागी आणून त्याच्या शेजारी मक्याचे आणि वाळल्या गवताचे भाव लावणं, हे मी वहीत तुकड्यातुकड्यांनी करत आलो, पण असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं. मात्र एवढ्या सगळ्यातून तू एकच रेघ उचललीस. तरुण वळूच्या धडाचा भाव. ती रेघ वर चालली आहे हे खरंच आहे. पण ती रेघ आजची आहे, आणि कालवड आज काहीच देत नाही.

या मे महिन्यात जन्मलेली कालवड घे. ती दोन वर्षांची झाल्यावर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात माजाच्या हंगामात वळूकडे जाणार. नऊ-साडेनऊ महिन्यांनी, तिच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास, पहिलं वासरू. ते वासरू अठ्ठावीस महिन्यांचं होऊन कत्तलखान्याच्या दारात उभं राहील तेव्हा येत्या दिवाळीनंतरची पाचवी दिवाळी तोंडावर आलेली असेल. त्या दिवाळीचा भाव तुझ्या तक्त्यात नाही. गाईगुरं पाळणाऱ्यांना शिकागोच्या वायदेबाजारात पुढच्या काही महिन्यांचा अंदाज तरी दिसतो. बायसनला वायदेबाजारच नाही. शिवाय तुला दिसणारी रेघ मोंटानापासून कॅन्ससपर्यंत प्रत्येकाला दिसतेय. सगळ्यांनी कालवडी ठेवल्या की आज बाजारात मांस कमी येतं, भाव आणखी चढतो, मग आणखी लोक कालवडी ठेवतात, आणि पाच वर्षांनी सगळ्यांची वासरं एकाच वेळी दारात येतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून मी डाकोटात आलो ते 1994 साल. तेव्हा बायसन पाळणं हेच शेतीचं भविष्य असं सगळीकडे बोललं जात होतं. कालवडींना आणि गाभण गाईंना हजारो डॉलर मिळायचे. मी चूटमध्ये, म्हणजे जनावर अडकवून धरायच्या अरुंद पिंजऱ्यात, हात घालून गाभण तपासायचो आणि मालक माझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा, कारण "गाभण आहे" या दोन शब्दांवर त्याचा पैसा दुप्पट व्हायचा. पण त्या गाई घेणारा कोण होता? बहुतेक वेळा दुसरा नवा पाळणाराच. खाणाऱ्यापर्यंत तो पैसा पोचतच नव्हता. उंची हॉटेलांत फिले आणि रिबाय विकले जायचे, पण एका धडात असे तुकडे मूठभर. उरलेलं खिम्याचं मांस शीतगृहांत साठत गेलं. शतक उलटता उलटता सगळं कोसळलं. साठलेलं मांस सरकारनं विकत घ्यायची वेळ आली. ज्या गोठ्यांत मी हसरे चेहरे पाहिले होते तिथेच पुढे कळप मोडताना जनावरांचे दाखले लिहिले. एका मालकानं चाळीस गाभण गाई कर्ज काढून घेतल्या होत्या. शेवटच्या ट्रकमागचं फाटक त्यानं स्वतः लावलं, आणि बराच वेळ तिथून हलला नाही.

आपल्या पहिल्या बावीस गाई मी त्याच मंदीत घेतल्या. स्वस्त होत्या म्हणून परवडल्या. तुझ्या आईनं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "नुसत्या मांसाच्या भावानं विकल्या तर भागेल का?" भागत होतं, म्हणून घेतल्या. आजही माझा हिशोब तिथूनच सुरू होतो.

आता अहवाल कसा वाचायचा ते. भावाच्या आधी आवक वाच. तरुण वळू किती, तरुण कालवडी किती, वयस्क गाई किती आणि वयस्क वळू किती, हे त्यात वेगवेगळं दिलेलं असतं. दर महिन्याला वळूंच्या तुलनेत कालवडी किती कापल्या गेल्या त्याचं प्रमाण काढ आणि बारा महिन्यांची सरासरी घे. प्रमाण घसरत असेल तर लोक कालवडी घरी ठेवतायत, म्हणजे कळप वाढतायत आणि पुढच्या काही वर्षांत मांस वाढणार. प्रमाण चढत असेल तर लोक कंटाळून किंवा चाऱ्याअभावी आया कापतायत, म्हणजे पुढे टंचाई. मला विचारशील तर कालवडी ठेवायची खरी वेळ ही दुसरी. तुझ्याच तक्त्यात हे आकडे सातव्या रकान्यात पडून आहेत, त्यांची रेघ तू काढलेली नाहीस.

दुसरी खूण शरद ऋतूतल्या वासरांच्या लिलावांत दिसते. मांस वळूच जास्त देतो, म्हणून केवळ मांसाचा विचार असतो तेव्हा नर वासरू मादीपेक्षा महाग जातं. मादी वासरू नराच्या पुढे जायला लागलं की घेणारा मांस मोजत नसून स्वप्न मोजतोय असं समज. थोडी पुढे असेल तर ठीक. फार पुढे गेली की मला ते सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव आठवतं. कस्टर स्टेट पार्क या दक्षिण डाकोटातल्या सरकारी उद्यानाच्या कळपाचा नोव्हेंबरातला लिलाव जरूर बघ, पण तिथला भाव आपल्या वासरांना लावू नकोस. तिथे लोक त्या कळपाच्या वंशाचे पैसे मोजतात.

आणि सरासरीवर फार भार टाकू नकोस. आपला बाजार लहान आहे. अमेरिकेत वर्षभरात जितके बायसन कापले जातात, त्याहून जास्त गाईगुरं एका दिवसात कापली जातात. एवढ्या थोड्या आवकेत एखाद्या मोठ्या कळपाचा माल आला तरी महिन्याची सरासरी हलते. शिवाय बरेचसे सौदे आधीच ठरलेल्या करारांचे असतात, त्यामुळे अहवालातला भाव हा कधी कधी सहा महिन्यांपूर्वीच्या हस्तांदोलनाचा भाव असतो. एका महिन्याच्या उसळीवर काही ठरवायचं नाही.

आता आपलं घर. गाई चौऱ्याहत्तर. बायसनची गाय पंधरा वर्षं सहज वेत देते, म्हणजे कळप आहे तेवढा राखायला वर्षाला पाच कालवडी पुरतात. मेलेल्या, वांझ निघालेल्या धरून आठ. आठच्या पुढची प्रत्येक कालवड म्हणजे कळपाची वाढ, आणि वाढ म्हणजे गवत. एका वासराला हिवाळ्याचे दीडशे दिवस वाया जाणारं धरून पाऊण टन गवत. एकतिसांचे तेवीस टन, आणि हा फक्त पहिला हिवाळा. विकल्या तर काय येतं? समज, चारशे पाउंडाची कालवड पाउंडाला तीन डॉलरनं गेली, तर एकतिसांचे सदतीस हजार दोनशे. ठेवल्यास ते पैसे येत नाहीत आणि वर चारा जातो.

2021 तू विसरली नसशील. त्याच्या आधीची दोन वर्षं मी कालवडी ठेवत गेलो होतो. पाऊस गेला, कुरणं जूनमध्येच पिवळी पडली, गवत दोन राज्यांपलीकडून आणावं लागलं. शेवटी गाभण गाई विकल्या, त्याही सगळा डाकोटा विकत होता त्याच आठवड्यांत. त्यातली सत्तावीस नंबरची गाय तू बाटलीनं वाढवलेली होती. ती गाडीत चढली तेव्हा तू गोदामामागे जाऊन उभी राहिलीस. मी पाहिलं होतं. ती चूक माझी होती. दुष्काळाचा नकाशा दर गुरुवारी येत होता आणि मी भावाची रेघ बघत होतो.

म्हणून माझं मत असं. सोळा ठेव, पंधरा वीक. सोळांपैकी आठ कळपासाठी पक्क्या. उरलेल्या आठ फक्त एका वर्षासाठी. त्यांना वळू दाखवेपर्यंत निर्णय आपल्या हातात राहतो. पुढच्या शरदात पाऊस, गवत आणि ते कालवडींचं प्रमाण बघून ठेवायच्या की मांसाला पाठवायच्या ते ठरव. निवडताना नुसतं वजन बघू नकोस. जिची आई दर वर्षी वेळेवर व्याली आणि चूटमध्ये फार बिथरली नाही, तिची लेक ठेव. हिरव्या वहीत प्रत्येक गाईचं आहे. पंधरांचे पैसे आले की आधी जानेवारीपर्यंतचं गवत घेऊन टाक, मग बाकीचं.

उत्साहात बाहेरून कालवडी मात्र घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. मायकोप्लाझ्मा बोव्हिस या रोगजंतूनं धडधाकट कळप कसे खलास होतात ते मी डॉक्टर म्हणून पाहिलंय. लिलावाच्या भावात ते लिहिलेलं नसतं.

हे सगळं वाचून तुला वेगळं वाटलं तर तुझ्या मनासारखं कर. कळप आता तू सांभाळतेस, मी सुमारे आठ हजार मैल दूर बसलोय. फक्त ठरवण्याआधी सातव्या रकान्याची रेघ काढ आणि मला पाठव.

उत्तरेकडच्या टाकीचा हीटर थंडी पडायच्या आत तपासून घे. गेल्या वर्षी वायर उंदरांनी कुरतडली होती. आजी आता भिंत धरून चार पावलं चालते. तिच्यासाठी कळपाचा एक फोटो पाठव, जवळून काढलेला. लांबचं तिला दिसत नाही.

तुझा,
बाबा