हूकचा पॅच वाचताना

मनू,

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सिक्युरिटी हूकचे (कोडमधल्या 'हे करू देऊ का' असं सुरक्षेच्या नियमांना विचारणाऱ्या जागांचे) पॅच, म्हणजे कोडमधले बदल, आता तुझ्याकडे रिव्ह्यूला येतात हे ऐकून फार बरं वाटलं. तू म्हणालीस दहा-बारा ओळींचाच तर बदल असतो, त्यात एवढं काय बघायचं, म्हणून हे सविस्तर लिहितेय, फोनवर नीट सांगता येत नाही.

पॅचमध्ये दिसतं ते कुणीही वाचेल गं, तू हे शोध की हूक जिथे लावलाय त्याच्या पुढे पोचायला दुसरी वाट आहे का. लिनक्समधलं 2024 चं प्रकरण बघ. एममॅप करताना, म्हणजे फाईल प्रोसेसच्या मेमरीत जोडताना, सिक्युरिटी एममॅप फाईल हा हूक विचारला जायचाच, पण रीमॅप फाईल पेजेस नावाचा जुना सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायची मागणी) थेट डू एममॅप या आतल्या फंक्शनला कॉल करत होता आणि त्या वाटेवर हूकच नव्हता. प्रोसेसने आधी पर्सनॅलिटी या स्वतःच्या सेटिंगमध्ये रीड इम्प्लाइज एक्झेक, म्हणजे 'वाचता येतं ते चालवताही येईल', असं लावून ठेवलं असेल तर नुसती रीड-राईट पानं एक्झिक्युटेबलही होऊन जायची, आणि एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेच्या पॉलिसीला कुणी विचारलेलंच नसायचं.

मग फिक्स आला, तिथे हूक टाकला, पण प्रोसेसच्या मेमरीची मांडणी जपणारा एममॅप लॉक धरलेला असताना. बाकी ठिकाणी लॉक घ्यायच्या आधीच विचारतात. आयएमए, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झालाय का बघणारी यंत्रणा, त्या हूकमध्ये आयनोडचा (कर्नलमधल्या फाईलच्या नोंदीचा) लॉक घेतं आणि दुसऱ्या एका वाटेवर हेच दोन लॉक उलट क्रमाने घेतले जातात, म्हणजे डेडलॉकला, दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकण्याला, आमंत्रणच. शेवटी कोडचे दोन भाग केले, मधे लॉक सोडून हूक विचारला, आणि लॉक परत घेतल्यावर मॅपिंग तेच आहे ना, फाईल तीच आहे ना, हे पुन्हा तपासलं. हे पुन्हा तपासणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण परवानगी एका गोष्टीला दिली आणि लॉक सुटलेला असताना तिच्या जागी दुसरीच आली तर त्या परवानगीला काय अर्थ!

हूकची रिटर्न व्हॅल्यूही बघत जा, शून्य म्हणजे होकार आणि मायनस एरर म्हणजे नकार, तो नकार कॉलर (हूकला विचारणारं फंक्शन) वरपर्यंत नेतो का, आणि तोवर घेतलेली मेमरी, लॉक सगळं सोडतो का.

आणि पॅच ज्या फंक्शनमध्ये आहे त्याला अजून कोण कोण कॉल करतं हे पॅचवाल्याला बिनधास्त विचार, मर्ज लांबला म्हणून कुणी कुरकुरलं तरी चालेल. आधी स्वतः ग्रेप मारून, म्हणजे त्याचं नाव सगळ्या कोडमध्ये शोधून, बघ मात्र. लॉकच्या क्रमाचं कुठे अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझी आई