कळव्याच्या काकांना मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

त्या दिवशी तुमच्या रिपेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईकं उभी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

गणपतीत आमच्या कोपरीच्या मंडळाचा अँप (अँप्लिफायर) गेला. आरतीच्या घाईत स्पीकरची वायर जोडताना तांब्याची एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली राहिली, व्हॉल्यूम वाढवला आणि फट्! स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे ५२०० आणि १९४३ च्या, दोन्ही जोड्या शॉर्ट. दोन दुकानांत सांगितलं की नवाच घ्या.

तुम्हाला मी एकच विचारलं, फ्यूज होता ना, मग जळलं कसं? तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत आणि लाईट बिलाच्या मागे सर्किट काढलंत. फ्यूजची तार वितळायला वेळ लागतो, तोपर्यंत ट्रान्झिस्टर कधीच गेलेला असतो. मोठ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर पिनला लावलेल्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरमधून ३ अँपियर गेले की त्यावर ०.६५ व्होल्टच्या आसपास येतात, तेवढ्यावर बाजूचा छोटा ट्रान्झिस्टर ऑन होतो आणि मोठ्याच्या बेसचा, म्हणजे त्याला चालू ठेवणारा, करंट खेचून घेतो, की मोठ्याला पुढे जाताच येत नाही. आमच्या बोर्डावर त्या छोट्या ट्रान्झिस्टरची भोकं होती, पार्ट लावलेलेच नव्हते! आणि तेवढ्यावरही तुमचं समाधान नाही, शॉर्ट झाला की ५० व्होल्टची अख्खी रेल (सप्लाय) ट्रान्झिस्टरवरच पडते, ५० गुणिले ३ म्हणजे १५० वॅट, ५२०० ची कमाल ताकदच तेवढी आणि तीही त्याची केस (बाहेरचं कवच) २५ डिग्रीला असताना, मांडवातल्या उकाड्यात ती कुठून मिळणार, म्हणून अजून रेझिस्टर टाकून शॉर्टच्या वेळची करंटची लिमिट आणखी खाली आणलीत.

सोल्डर मात्र सगळं मला करायला लावलंत. ट्रान्झिस्टरखाली मायकाची चकती ठेवणं, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पातळ लावणं, सगळं. सिरीज बोर्डला, म्हणजे अँपला येणाऱ्या लाईटच्या वाटेत, १०० वॅटचा बल्ब लावून चालू केलं, बल्ब एकदा भपकन पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मग आवाज हळू ठेवून म्हणालात, "टेकव दोन्ही वायरी." हात थरथरत होता काका. टेकवल्या, आवाज दबला, सोडल्या, गाणं परत सुरू.

ते बिल मी झाकणाला आतून चिकटवलंय, पुढे कोणी उघडलं तर त्याला सापडेल. शनिवारी येतोय, मंडळाचा दुसरा अँप घेऊन, त्यातली पण भोकं रिकामीच आहेत. सोल्डर मीच करणार, तुम्ही फक्त शेजारी बसा.