कोंडण्याआधी आवरायला शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जादूची घातक शक्ती अंगी असलेल्या माणसांना मोकळं राहू द्यावं की कोंडून ठेवावं, या विषयावर आपल्या पुरवणीत वाचकांची पत्रं येत आहेत. विषय कल्पनेतला, पण पत्रांतली भीती खरी आहे. नुसत्या नजरेनं आग लावू शकणारा माणूस शेजारी राहायला आला तर झोप कशी लागणार? म्हणून बहुतेकांनी कोंडण्याच्या बाजूनं कौल दिला आहे. मला तो पटत नाही. भीतीशी माझी ओळख नाही असं मात्र नाही. मी 32 वर्षं बॉयलरवर काढली आहेत.

कामाच्या पहिल्या दिवशी उस्तादांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. गेज ग्लाससमोर उभं केलं आणि काचेच्या नळीतली पाण्याची रेघ बघत राहायला सांगितलं. ती दिसेनाशी झाली तर काय करायचं, हे माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. पाणी फार उतरलं असेल तर आधी आग बंद करायची, पाणी सोडायचं नाही. घाबरलेल्या माणसाचा हात आपसूक पाण्याच्या व्हॉल्व्हकडे जातो, आणि लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की घात होतो. जे मनात पहिल्यांदा येतं तेच करायचं नाही, हे अंगात मुरायला मला वर्ष लागलं. ते वर्ष कुणी दिलं नसतं तर त्या बॉयलरइतकाच मीही धोकादायक होतो.

शक्ती घेऊन जन्मलेल्या मुलालाही असं शिकवणारं कुणीतरी लागेल. कुंतीची गोष्ट आपण कर्णासाठी रडत वाचतो, पण जरा तिच्या बाजूनं बघा. दुर्वासांनी कोवळ्या वयाच्या मुलीला देवाला बोलावण्याचा मंत्र दिला आणि ते निघून गेले. तो केव्हा म्हणू नये हे समजावणारं जवळ कुणी नव्हतं. तिनं कुतूहलानं म्हणून पाहिला, आणि पुढे पोटचं मूल पेटीत घालून नदीत सोडावं लागलं. महाभारताच्या सौप्तिक पर्वात तर हे अगदी उघड आहे. ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनानंही सोडलं, अश्वत्थाम्यानंही सोडलं. ऋषी मध्ये पडल्यावर अर्जुनानं आपलं परत घेतलं; अश्वत्थाम्याला ते जमलं नाही, म्हणून ते अभिमन्यूच्या पत्नीच्या, उत्तरेच्या, गर्भावर पडलं. अस्त्र दोघांकडे तेच होतं. अश्वत्थाम्याला शिक्षा झाली, कपाळावरचा मणी गेला, तीही हातून अधर्म घडल्यावर. अस्त्र येतं एवढ्यासाठी त्याला कुणी आधी बांधून ठेवलं नव्हतं.

कोंडण्याच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनी एका आईचा विचार करावा. तान्ह्या बाळाच्या मुठीखाली दुपट्याची कड जळलेली तिला दिसते. कुणाला कळलं तर पोर कायमचं नेतील हे ठाऊक असेल, तर ती काय करेल? दुपटं पुरून टाकेल. पोराला दारं लावून वाढवेल, कुणाला विचारणार नाही, कुणाकडे शिकायला पाठवणार नाही. ते पोर पंधरा वर्षांचं होईल तेव्हा गावात सगळ्यात धोकादायक तेच असेल, आणि त्याला तसं आपल्या नियमानं केलेलं असेल.

खऱ्या जगातलं उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन आहे. तिच्या शरीरात विषमज्वराचे (टायफॉइडचे) जंतू होते आणि स्वतः ती ठणठणीत होती. तिच्या हातचं खाऊन लोक आजारी पडत होते, काही दगावले. धोका खोटा नव्हता. 1907 साली तिला धरून एका बेटावर ठेवलं. 1910 मध्ये स्वयंपाक करणार नाही या वचनावर सोडलं. पण पोटासाठी मिळालं कपडे धुण्याचं काम, त्यात पैसे कमी. ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकाला लागली आणि 1915 मध्ये एका प्रसूती रुग्णालयात साथ आली. मग मरेपर्यंत, 1938 पर्यंत, तिला बेटावरच ठेवलं. असेच जंतू बाळगणारे इतर लोक त्याच काळात मोकळे फिरत होते. आपण अपायकारक आहोत हे मेरीला कधी पटलं नाही, हा तिचा दोष मी झाकत नाही. पण तिचं एकमेव कौशल्य काढून घेताना तेवढ्याच कमाईचं दुसरं काम हातात दिलं असतं तर? हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

आणि जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवून पाहून झालेलं आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं आख्ख्या जमाती तशा नोंदवल्या. तो डाग कागदावरून पुसायला 1952 उजाडलं, लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

कोंडणं कधीच नको, असं मी म्हणत नाही. शक्ती वापरून ज्यानं जाणूनबुजून जीव घेतला, त्याला इतर खुन्यांसारखीच शिक्षा व्हावी. अवघड आहे तो झोपेत पेटणारा मुलगा, ज्याचा काही अपराध नाही. बॉयलर थंड करून कुलूप लावता येतं. या मुलाची आग त्याच्याबरोबर कोठडीत जाते, शिवाय संतापही जातो. त्याला रात्रीपुरती दगडी खोली द्यावी, जवळ पाणी आणि जागं राहणारं एक माणूस असावं, दिवसा त्याच्यासारख्याच जाणत्याकडे शिक्षण. ही व्यवस्था किती दिवसांची हे पहिल्याच दिवशी सांगावं. दर सहा महिन्यांनी तिची तपासणी व्हावी आणि त्या वेळी त्या मुलाचंही म्हणणं ऐकून त्याला लेखी उत्तर मिळावं.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट