नवी की तीन वर्षांची? शिकागोजवळून बाबांस पत्र

नेपरव्हिल, इलिनॉय
१५ जून २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, की कामावर जाण्यासाठी साधी गाडी पुरत असताना ही महागडी गाडी कशासाठी, आणि घ्यायचीच झाली तर नवी का नको. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. रत्नागिरीच्या एसटी डेपोत एकतीस वर्षे इंजिने उघडून बसवलेल्या माणसाला अर्धवट उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. संकेत ते छापून तुमच्या हाती देईल. सोबत काही छायाचित्रेही आहेत. ती मोठ्या आकारात छापायला मी त्याला सांगितले आहे.

मी जो वर्ग पाहते आहे तो आलिशान गाड्यांची पहिली पायरी म्हणून ओळखला जातो. चार दारांची, मध्यम आकाराची, पण चालवणाऱ्याचा विचार आधी करून बांधलेली गाडी, असे त्याचे वर्णन करता येईल. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज १९७५ सालापासून या वर्गात आहे आणि बाकीचे कारखाने आपापली गाडी तिच्याशीच ताडून पाहत आले आहेत. मर्सिडीजची सी-क्लास, ऑडीची ए४, लेक्ससची आयएस आणि कोरियाची जेनेसिस जी७० या तिच्या बरोबरीच्या. यांतली ए४ आपल्याकडे शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाते, आणि ३ सिरीजची लांब आवृत्ती चेन्नईजवळ तयार होते. तिच्या चाकांमधले अंतर इथल्या गाडीपेक्षा ११० मिलिमीटरने जास्त आहे, कारण आपल्याकडे अशा गाडीचा मालक बहुधा मागे बसतो. इथे मालक स्वतः चालवतो. माझ्या निवडीचे मूळ या एका फरकात आहे.

तुम्हाला यांत्रिक भाषेत सांगते. इथली साधी कौटुंबिक गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. तीच चाके गाडी वळवतात आणि तीच तिला खेचतात. ३ सिरीजचे इंजिन मात्र लांबीत बसवलेले असते, त्यामागे गिअर बॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट आणि मागे मागच्या चाकांना जोर पोचवणारे डिफरन्शियल, म्हणजे मांडणी तुमच्या लेलँडच्या बसचीच. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे-निम्मे पडते. माझे ऑफिस घरापासून अडतीस मैलांवर आहे आणि महामार्गावर चढण्याचा इथला रस्ता कमानीसारखा गोल वळत जातो. त्या वळणावर हलकेच वेग वाढवला की साध्या गाडीचे नाक बाहेर सरकते आणि स्टिअरिंग हातात जड, मुके होते. ही गाडी मात्र हात जितके वळवावेत तितकीच वळते आणि मागच्या चाकांचा रेटा पाठीला कळतो. दिवसाला जवळजवळ दोन तास मी गाडीत घालवते, बाबा. ते दोन तास आनंदाचे असावेत, असे मला मनापासून वाटते आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची माझी तयारी आहे. प्रश्न आहे तो किती आणि कशाचे, एवढाच.

आता नव्या-जुन्याचा हिशेब. ३ सिरीजमधली नवी ३३०आय, दोन-चार सोयी घेतल्या, की पन्नास हजार डॉलरच्या आसपास जाते. इथे अशा गाड्या बरेच लोक विकत न घेता तीन वर्षांच्या भाडेकराराने घेतात, मुदत संपली की परत करतात आणि नवी नेतात. त्यामुळे तीन वर्षे जुन्या, एकाच हातून चालवलेल्या गाड्या विक्रेत्याकडे सतत येत राहतात आणि त्यांचा भाव झपाट्याने उतरतो. मी जी पाहिली आहे ती २०२२ च्या मॉडेलची, त्याच वर्षीच्या मे महिन्यात रस्त्यावर आलेली, २६,४०० मैल म्हणजे सुमारे ४२,५०० किलोमीटर चाललेली आहे, आणि तिचे ३१,५०० डॉलर सांगितले आहेत. इंजिन तेच दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, टर्बो लावलेले, २५५ अश्वशक्तीचे. साडेअठरा हजार डॉलरचा हा फरक पहिल्या माणसाने भरला, असे म्हटले तरी चालेल.

परंतु उतरलेला भाव फसवा असतो. गाडीची किंमत निम्म्यावर आली म्हणून तिच्या ब्रेक डिस्कची, रेडिएटरची किंवा दिव्याची किंमत निम्मी होत नाही; सुटे भाग आणि मजुरी ही कायम नव्या गाडीच्या किमतीच्या मापानेच येते. दहा वर्षांपूर्वीची ३ सिरीज इथे अकरा-बारा हजारांत मिळते, आणि ती परवडली म्हणून घेतलेली तरुण मुले पहिल्या मोठ्या दुरुस्तीला हबकतात. अशी एक गाडी मीही पाहून आले. २०१४ ची ३२८आय होती. त्या इंजिनाच्या टायमिंग चेनला आधार देणारी पट्टी प्लास्टिकची असते. ती झिजून तुटली की चेन सैल पडते आणि इंजिनच जाऊ शकते, हे मी आधी वाचून गेले होते. तुमचा नियम आहे की इंजिन थंड असताना ते पहिल्यांदा सुरू झालेले ऐकावे. म्हणून मी त्या गृहस्थांना, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, अशी विनंती केली होती. तरी मी पोहोचले तेव्हा बॉनेटला हात लावला तर ते चांगलेच तापलेले होते. इथे १९९६ पासून प्रत्येक गाडीत एक ठरावीक जोडणी असते आणि स्वस्तातले एक यंत्र तिला लावले की गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचता येतात. दोष एकही दिसला नाही, पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता पूर्ण करते त्या अपूर्ण होत्या, याचा अर्थ नोंदी नुकत्याच पुसल्या असाव्यात किंवा बॅटरी काढलेली असावी. मी नमस्कार करून परत आले.

दुसरा विचार लेक्सस आयएस ३५० चा केला, आणि खरे सांगायचे तर तो अजून मनातून पूर्ण गेलेला नाही. तिचे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन टर्बोशिवाय ओढते. इंधन थेट सिलिंडरमध्येही येते आणि व्हॉल्व्हच्या मागेही, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साचत नाही. बीएमडब्ल्यूच्या इंजिनात इंधन फक्त थेट येते आणि काजळीची काळजी पुढे-मागे घ्यावी लागते. ज्याला गाडी पंधरा वर्षे ठेवायची आहे त्याने डोळे मिटून लेक्सस घ्यावी, असे माझे मत आहे. पण ती पेट्रोल जास्त पिते, सामानाची जागा लहान आहे, आणि मागच्या सीटवर मी स्वतः बसून पाहिले तर माझे गुडघे पुढच्या पाठीला टेकले. तुम्ही दोघे गणपती आटोपून सप्टेंबरात याल तेव्हा आईला तिथे बसवून नायगारापर्यंत नेणे मला प्रशस्त वाटत नाही. जेनेसिसची हमी मोठी आहे, इंजिन आणि गिअर बॉक्सवर दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची, पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी हातबदल झाली की ती पाच वर्षे आणि साठ हजार मैलांवर येते. ही गाडी नवी घ्यावी, किंवा कंपनीने तपासून प्रमाणित केलेली.

म्हणून मी २०२२ च्या त्या ३३०आय वर येऊन थांबले आहे. तिची मूळ हमी चार वर्षे किंवा ५०,००० मैलांची असल्याने पुढच्या मे महिन्यापर्यंत आहे, आणि ती कंपनीच्या विक्रेत्याने प्रमाणित केलेली असल्यामुळे त्यापुढे आणखी एक वर्ष, मैलांची मर्यादा न ठेवता मिळेल. आणखी एक गोष्ट मला या जुन्या गाडीकडे ओढते. २०२३ च्या मॉडेलपासून बीएमडब्ल्यूने एसीची बटणे काढून सगळे काही मोठ्या काचेच्या पडद्यावर नेले. २०२२ च्या गाडीत तापमानाचे बटण बोटाला लागते आणि हातात धरण्याजोगा गिअरचा दांडा आहे. हिवाळ्यात हातमोजे घालून पडदा दाबत बसण्यापेक्षा मला हे कितीतरी योग्य वाटते.

गाडी तपासताना तुम्ही निघताना दिलेले लाऊडस्पीकरचे चुंबक रुमालात गुंडाळून बरोबर नेले होते. बॉनेटला लावले तर चिकटेचना, पुढच्या मडगार्डलाही नाही, आणि रंगाखाली पत्र्याऐवजी सगळा लांबीचा लेपच भरला आहे की काय, या शंकेने माझ्या छातीत धस्स झाले. मग कळले की या पिढीत बॉनेट आणि पुढची मडगार्डे ॲल्युमिनियमची आहेत. दारे पोलादी आहेत, तिथे ते घट्ट बसले. मागच्या डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागी मात्र पकड किंचित कमी वाटली. ज्या मेकॅनिककडे मी स्वतःच्या खर्चाने गाडी तपासायला नेली, त्याच्या रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने इतरत्र १२० मायक्रॉनच्या आसपास दाखवले आणि त्या जागी २६०. म्हणजे लांबी नाही, पण रंग दुसऱ्यांदा दिलेला आहे. गाडीच्या इतिहासाच्या अहवालात अपघाताची नोंद नाही. अर्थात नोंद झालेलेच अपघात त्यात येतात. आतल्या पत्र्याचे जोड आणि वेल्डिंगचे ठिपके कारखान्यातले आहेत, असे त्याने दाखवून दिले. त्यामुळे मी ते खरचटणे समजते, आणि किमतीत तेवढी सूट मागणार आहे.

गाडी खालून पाहिली तेव्हा तुमची सर्वांत जास्त आठवण आली. इथे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पाण्याबरोबर प्रत्येक सांध्यात शिरते. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने बसचा पत्रा कसा खाल्ला जातो हे तुम्ही मला लहानपणी बोटाने दाखवले होते; इथे तो खारा वारा खालून येतो. या गाडीचे सबफ्रेमचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे, बोल्ट वरवर तांबूस झाले आहेत, पण मेकॅनिकने पाना लावला तेव्हा ते सहज फिरले. ब्रेकच्या नळ्या स्वच्छ आहेत. तेल कुठे पाझरलेले दिसले नाही. ऑईल फिल्टरच्या घराचे गॅस्केट या कंपनीच्या जुन्या इंजिनांत पाझरते, म्हणून तिथे मी दिवा धरून मुद्दाम पाहिले. तेलाची पातळी या गाडीत पडद्यावर पाहायची, हे तुम्हाला आवडणार नाही आणि मलाही आवडलेले नाही.

तेल बदलण्याच्या नोंदी तिन्ही वर्षांच्या आहेत, कारण पहिली तीन वर्षे किंवा ३६,००० मैल देखभाल कंपनीकडूनच होते. कंपनी दहा हजार मैल किंवा वर्षाने तेल बदलायला सांगते. मी पाच हजारांवर बदलेन. गिअर बॉक्स आठ गतींचा, झेडएफ या जर्मन कारखान्याचा आहे. गाडीची कंपनी त्याचे तेल आयुष्यभर पुरते असे म्हणते, पण झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते; ज्याने गिअर बॉक्स बांधला त्याचे ऐकावे, असे मी ठरवले आहे, आणि तो खर्च दोन वर्षांनी येईल हे धरून पैसे बाजूला ठेवते आहे.

टायरबद्दल थोडे. हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर या गाडीला आहेत, म्हणून स्टेपनीच नाही. चारही टायर एका मापाचे, १८ इंची रिमचे आहेत. १९ इंची रिमांची गाडीही तिथे होती, दिसायला देखणी, परंतु तिची मागची टायर पुढच्यापेक्षा रुंद असल्याने पुढची-मागची अदलाबदल करता येत नाही, आणि इथल्या वसंतातल्या खड्ड्यांत ती पातळ टायर रिमसकट जातात. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून टायर २०२१ च्या ३५ व्या आठवड्यातली निघाली. म्हणजे गाडीबरोबरचीच आहेत, आणि नोव्हेंबरात हिवाळी टायरचा जोड घ्यावा लागेल. पेट्रोल ९१ ऑक्टेनचे लागते. इथला आकडा वेगळ्या मापाने काढतात. इथले साधे ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१, आणि इथले ९१ म्हणजे आपल्याकडचे ९५ च्या जवळपास.

एक गोष्ट राहिली आहे आणि त्यासाठी मला तुमचे डोळे हवे आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या छायाचित्रात पुढच्या बाजूचे, डावे आणि उजवे कंट्रोल आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, आहेत. उजव्याच्या सांध्यातले रबरी बुश गुळगुळीत आहे. डाव्याच्या कडेला मला एक बारीक रेघ दिसते. मेकॅनिक म्हणतो की ती साच्याची रेघ आहे. महामार्गावर जोरात ब्रेक लावला तेव्हा स्टिअरिंग थरथरले नाही, हेही खरे. पण लेलँडच्या बुशला पहिली भेग कशी पडते आणि साच्याची रेघ कशी असते, यातला फरक तुम्ही बोट फिरवून सांगत असा, आणि मला तो अजून नजरेने ओळखता येत नाही. भेग असेल तर मी ते बुश हमीत बदलून मागीन आणि मगच सही करीन. विक्रेत्याने गाडी शनिवारपर्यंत राखून ठेवली आहे. तेव्हा भिंग घेऊन, उजेडात बसून पाहा आणि गुरुवारी रात्री मला फोन करा.

आईच्या गुडघ्यांसाठी मागच्या सीटचे छायाचित्र सातवे आहे. दाराची उंची मी तिथे हाताने धरून दाखवली आहे.

आपली,
वैदेही