तापीकाठच्या दीपमाळेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

खान्देशाला समुद्र नाही, त्यामुळे दीपगृहही नाही. परंतु शिरपूर आणि शिंदखेडा या तालुक्यांच्या मधून वाहणाऱ्या तापीवर पूल नव्हते, त्या काळी रात्री पैलतीरावरून नाव आणणाऱ्या नावाड्याला आपला घाट ओळखू येई तो महादेव मंदिरापुढील दीपमाळेच्या उजेडामुळे, असे गावातील वडीलधारी मंडळी सांगतात. १९६८ च्या ऑगस्टमधील ज्या महापुराने खाली सुरत शहर बुडवले, त्याच पुरात या दीपमाळेचा वरचा भाग कोसळला. पाणी ओसरल्यावर ग्रामस्थांनी गाळात रुतलेले दगड पहारींनी मोकळे केले, बैलगाड्यांनी घाटावर आणले आणि चुन्यात बसवून ती पुन्हा उभी केली. त्या घाईत पणती ठेवण्याचा एक दगडी हात उलटा बसला. तो तसाच ठेवायचा, असे आम्ही एकमताने ठरवले आहे, कारण तीही आपल्या वाडवडिलांच्या श्रमाची खूण आहे.

पुढे डागडुजी म्हणून आपणच तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. हेतू चांगला होता, पण पायथ्यातून वर चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडते तशी सिमेंटमधून पडत नाही. ती आतच कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार सांध्यांतील चुना पोखरतात आणि दगड सुटू लागतात. आज उत्तरेकडील सांध्यांत बोट शिरते, आणि चुना पिठासारखा हाती येतो.

म्हणून हा गिलावा हलक्या हाताने छिन्नीने काढून सांधे पुन्हा चुन्याने भरायचे आहेत. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, दिवाळीनंतर खड्ड्यात पाण्याने विरवून, पुरेशी मुरल्यावर, वाळू, गूळ व बेलफळाच्या पाण्यासह मळली जाईल आणि माघ-फाल्गुनात काम होऊन आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकींना दीपमाळ नीट उभी दिसेल, असा आमचा प्रयत्न आहे.

यासाठी चुनकळी, गूळ, बेलफळे, पाण्याचे टँकर, जाणत्या गवंड्यांची मजुरी आणि श्रमदान या सर्वांची गरज आहे. पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या बांधवांनी, विशेषतः याच तापीच्या काठी सुरतेत राहणाऱ्यांनी, यथाशक्ती हातभार लावावा, ही कळकळीची विनंती. सिमेंटच्या गोण्या मात्र कृपया पाठवू नयेत. रोख देणगीची पावती मंदिरात मिळेल आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. येत्या पावसाळ्यात काम टिकले की त्रिपुरी पौर्णिमेला पहिली पणती लावायची आहे. त्यासाठीचे तेल घरोघरून वाटीवाटीने गोळा करू.

आपले नम्र,
समस्त ग्रामस्थ