कोटेशनवर कॅशे आणि रॅमचा प्रकार लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगली-मिरजेत कॉम्प्युटर जुळवून घेताना हातात पडणाऱ्या कोटेशनवर बहुधा एवढेच असते: 'आय-७, १६ जीबी रॅम, एसएसडी'. यावरून मशीन कसे चालेल याचा पत्ता लागत नाही. वापरलेला इंटेलचा आय-७ ४७७० प्रोसेसर हाही आय-७च, पण तो २०१३ चा. चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ८ एमबी एल-३ कॅशे (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी), जुन्या पिढीची डीडीआर-३ रॅम आणि विंडोज ११ ला अधिकृत नकार. आय-३ १२१०० चे कोअरही चारच, कॅशे मात्र १२ एमबी, आणि तो त्याला सहज मागे टाकतो.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये घोळ आणखी बारीक आहे. ५६०० आणि ५५००, दोन्ही सहा कोअरचे. पण कॅशे ३२ आणि १६ एमबी. ५७००एक्सला ३२, तर नुसत्या ५७०० ला १६! हवी ती माहिती एल-३ मध्ये सापडली तर साधारण दहा नॅनोसेकंदांत मिळते, रॅमपर्यंत जावे लागले तर त्याच्या कित्येक पट वेळ जातो. गेममध्ये माहिती विखुरलेली असते, म्हणून तिथे ९६ एमबीचा ७८००एक्स३डी उठून दिसतो. मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या पट्ट्या काढायला किंवा टॅलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते पैसे रॅम आणि एसएसडीत घालावेत.

रॅमही १६ जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. डीडीआर-४ प्रकारची, ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन ५१.२. ५६००जीसारख्या, ग्राफिक्स कार्डाविना चालणाऱ्या प्रोसेसरला एका स्टिकचा फटका सर्वांत जास्त, कारण ग्राफिक्सही तीच रॅम वापरते. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा भरायचा.

डीडीआर-५ म्हणजे सगळ्यात वेगवान असेही नाही. ५६०० वेगाच्या सीएल४६ रॅमला (सीएल म्हणजे प्रतिसादाआधी जाणारी आवर्तने) पहिल्या प्रतिसादाला सुमारे १६ नॅनोसेकंद लागतात, जुन्या डीडीआर-४ ३२०० सीएल१६ ला १०. आय-५ १२४०० दोन्ही प्रकारांवर चालतो, पण बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो आणि खाच वेगळी असल्याने दुसरी स्टिक बसत नाही. एएमडीच्या एएम-५ सॉकेटच्या बोर्डाला डीडीआर-५ च लागते. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारे सेटिंग, चालू केले नाही तर ६००० ची रॅम बऱ्याचदा ४८०० वरच चालत राहते. ते चालू केल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. घाबरून वीज बंद करू नये. मशीन अधूनमधून अडकू लागले तर वेग एक पायरी खाली आणावा.

दुकानदारांनी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, एल-३ कॅशे, रॅमचा प्रकार, वेग, सीएल आणि स्टिकची संख्या कोटेशनवर लिहावी. शाळा आणि ग्रामपंचायतींनी निविदेतच ही अट घालावी. मशीन ताब्यात घेताना टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर कॅशे, रॅमचा वेग आणि भरलेले स्लॉट दिसतात. सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर मात्र रॅमचा वेग निम्मा दाखवते: तिथे १६०० दिसले तर रॅम ३२०० वरच चालू आहे, भांडायला जाऊ नये.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली