क्लाऊडचा प्लॅन घ्या म्हणता, पण घरातला डबा पण चालतो की

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत फोनमधली जागा संपली तर काय करायचं यावर लेख होता आणि शेवटी सल्ला काय, तर फोटो उडवा नाहीतर क्लाऊडचा, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर जागा भाड्याने घ्यायचा, महिन्याचा प्लॅन घ्या. घ्या ना, कोण नको म्हणतंय, पण हे सगळं घरी आपल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर पण ठेवता येतं हे एका ओळीत तरी यायला हवं होतं म्हणून लिहितोय.

माझं सांगलीत डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा दुकानातला पीसी तर गेलाच पण बॅकअपची हार्डडिस्क पण गेली, कारण ती त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमधे होती (हसू नका, तुमची पण तिथेच असेल). पंधरा वर्षांच्या कोरल सॉफ्टवेअरमधल्या डिझाईनच्या फाइली गेल्या. पोराच्या बारशाचे फोटो राहिले ते गूगल फोटोवर होते म्हणून, त्यामुळे मी काही क्लाऊडला शिव्या घालणारा नाही. पण तिथलं फुकटचं अमर्याद १ जून २०२१ पासून बंद झालं, आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी आणि आमच्या घरात फोन चार.

आधी रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर करून बघितलं, दोनदा लाईट गेली आणि मेमरी कार्ड मेलं. मग पुण्याहून एक सेकंडहँड मिनी पीसी आणला, ऑफिसं काढून टाकतात ना तसला, जेवणाच्या डब्याएवढा. त्यात डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम), त्यावर डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारं) आणि त्यात इमिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर, फोन घरच्या वायफायवर आला की फोटो आपोआप डिस्कवर जातात, चेहरे ओळखून वेगळे काढतं ते काम पण त्याच डब्यात होतं, बाहेर काही जात नाही. वीज म्हणाल तर दहा वॉटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सात-साडेसात युनिट. शेतीचे सातबारे, लाईटबिलं, विम्याचे कागद पेपरलेस नावाच्या सॉफ्टवेअरमधे स्कॅन करून टाकलेत, मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतं, आजोबांच्या वेळचे हाताने लिहिलेले उतारे मात्र नाही वाचत.

खरा त्रास पुढे आहे. बाहेरगावून घरचे फोटो बघायचे म्हणून दोन रात्री राऊटरमधे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडत बसलो, काही होईना. नंतर कळलं की राऊटरला मिळालेला इंटरनेटचा पत्ता (आयपी) १०० ने सुरू होतोय, म्हणजे इंटरनेट कंपनी शेकडो गिऱ्हाईकांना एकाच पत्त्यामागे बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात, बाहेरून कुणी हाक मारली तरी ती तुमच्या दारापर्यंत येतच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे राऊटर बंद करून चालू करा. चार वेळा केला! स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतःचा पत्ता, मागितला तर तो बिझनेस प्लॅनवरच मिळतो. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, त्यात प्रत्येकाला वेगळा पत्ता मिळतो) आहे पण त्यांच्या राऊटरमधे आत येणाऱ्याला परवानगी द्यायचं पानच नाही. शेवटी टेलस्केल (आपली उपकरणं इंटरनेटवरून खाजगी जोडून देणारं सॉफ्टवेअर) वापरलं, पाच मिनिटांत झालं, पण तो पण दुसऱ्याच कंपनीच्या भरवशावरचा मामला, हे मला कळतंय. दूरसंचार नियामक ट्रायने या सीजीनॅटकडे जरा बघावं, आपण पैसे भरून घेतो ते इंटरनेट एकतर्फीच आहे.

पोर्ट उघडलं नाही ते एका अर्थी बरंच झालं म्हणा. २०२१ च्या एप्रिलमधे क्यूलॉकर नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर आलं होतं, ते पसरवणारे इंटरनेटला उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे एनएएस (नेटवर्कला लावायच्या साठवणीचे) डबे शोधून त्यातल्या फाइलींना पासवर्ड लावून खंडणी मागत होते, आणि हे तयार विकत मिळणारे डबे बरं का, घरी जुळवलेले नाही. आणि उत्साहाच्या भरात घरून ईमेल सर्व्हर चालवायला जाऊ नका, घरगुती पत्त्यावरून आलेली मेल समोरचा बहुतेक वेळा स्पॅममधेच टाकतो.

एवढा खटाटोप कशाला असं दुकानात येणारे विचारतात. जुलै २०२५ मधे, युरोपच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या, नायरावाले दिल्ली हायकोर्टात गेले तेव्हा कुठे परत सुरू झाल्या. वाडीनारला एवढी मोठी रिफायनरी असलेल्यांची ही गत. माझं अकाउंट उद्या लॉक झालं तर मी कुठल्या कोर्टात जाऊ, हेल्पलाईनला माणूस मिळाला तरी नशीब.

पण घरचा सर्व्हर म्हणजे सुरक्षित असं समजू नका, पूर घरात पण येतो. म्हणून बॅकअपच्या दोन डिस्क आहेत, एक घरी लावलेली आणि एक विट्याला ताईकडे, तिच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, पूर कुठला यायला. महिन्यातून एकदा एसटीने जाऊन अदलाबदल करतो. कधी कधी तिसरा महिना उजाडतो हे पण कबूल.

एकदा मी लग्नाला नागपूरला गेलो होतो आणि इकडे लाईट जाऊन आली, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (लाईट जाताच क्षणात वीज देणाऱ्या) नव्हता, डबा बंद पडला आणि बायकोचा फोन, "तुमचा तो सर्व्हर तुम्ही असतानाच चालतो का?" उत्तर नव्हतं. आल्यावर एका फुलस्केपवर मराठीत लिहून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवलं, बटन कुठलं, पासवर्ड कुठल्या वहीत, काहीच नाही जमलं तर कुठली डिस्क काढून सरळ लॅपटॉपला लावायची. विंडोजला वाचता यावी म्हणून त्या दोन्ही डिस्क मुद्दाम एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीच्या) ठेवल्यात, जाणकार नावं ठेवतील, ठेवू देत.

परवा मी दुकानात असताना तिने तो कागद वाचून डबा एकटीने चालू केला. फक्त चौथी ओळ चुकीची आहे म्हणाली, ती आज दुरुस्त करायचीय.

आपला,
एक डीटीपीवाला, सांगली